नातीची कोरी स्टिक

हॉकीच्या मैदानाला लागून, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात, एक अरुंद खोली होती. तिचं छत पायऱ्यांच्याच उताराने खाली येत गेलेलं, त्यामुळे आत येणाऱ्याला दारात ताठ उभं राहता येई, मध्ये वाकावं लागे आणि शेवटच्या टोकाला बसण्यावाचून इलाज नसे. त्या टोकाला बसणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. ते मोडक्या हॉकी स्टिक दुरुस्त करत. चिरलेली स्टिक जोडायची, सैल झालेली ग्रिप उलगडून नवी गुंडाळायची, झिजलेल्या कडेला लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिशपेपर मारायचा आणि वर व्हार्निशचा एक हात. चाळीस वर्षं हेच. आणि या चाळीस वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिलेला नव्हता.

लोकांना ही थाप वाटे. पण खोलीचं दार रस्त्याकडे होतं आणि मैदान पाठीमागच्या भिंतीपलीकडे. डोक्यावरच्या पायऱ्यांवर लोक नाचायला लागले की गोल झाला एवढं कळे, आणि ओल्या व्हार्निशमध्ये छताची माती पडे. म्हणून गोल झाला की डॉक्टर चिडत. तो कुणी केला आणि कुणावर केला, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं.

असं असूनही खेळाडूची पारख करावी ती डॉक्टरांनीच. स्टिक हातात घ्यायची, दारातल्या उजेडात तिरकी धरायची, अंगठा तळापासून वर फिरवायचा आणि बोलायला लागायचं. तळाची कड घासलेली असेल तर पोर वाकून खेळतं, स्टिक जमिनीला धरून ठेवतं. पाठीवर ओरखडे असतील तर घरी जाताना रस्त्याने फरपटत नेतं, म्हणजे आळशी. डाव्या हाताखालची ग्रिप पिळवटलेली असेल तर मनगट फिरतं, उलट्या बाजूनेही चेंडू घेता येतो. दांड्याच्या टोकाला दातांच्या खुणा असतील तर आणीबाणीच्या वेळी हातपाय गळतात. एकदा तर त्यांनी एका स्टिकचं नाक, म्हणजे पुढचं वळलेलं टोक, बघून सांगितलं, “हा हरला की स्टिक भिंतीवर आपटतो. आणि ती भिंत निळी आहे.” कपडे बदलायच्या खोलीची भिंत निळीच होती. त्या पोराने दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या दारावरून जाणं सोडलं.

“मैदानाकडे पाठ करून बसलेला माणूस खेळाचं सांगतो आणि दुनिया ऐकते,” त्यांची बायको म्हणे. “मी तोंडासमोर उभी राहून सांगते, ते मात्र कुणी ऐकत नाही.”

दुनिया म्हणजे खरं तर एकच बाई. मुलींच्या संघाची प्रशिक्षक. एके काळी स्वतः उजवीकडून खेळलेली, आणि आवाज असा की एका गोलापाशी बोलली तर दुसऱ्या गोलातली मुलगी सावध होई. दरवर्षी तिला एक कागद भरून पाठवावा लागे, ‘खेळाडू विकास अहवाल’. चौदा वर्षांखालच्या एका मुलीची शिफारस करायची, आणि बाईंची शिफारस गेली म्हणजे निवासी अकादमीत प्रवेश मिळालाच. तिथे राहणं, शिकणं, खेळणं, सगळं एका आवारात. कागदात रकाने होते: वेग, तंत्र, वृत्ती, आणि सगळ्यात खाली, तीन मोकळ्या ओळी सोडून, ‘भविष्यातील शक्यता’. हा कागद आला की बाईंना हटकून चार-दोन स्टिकच्या ग्रिप बदलायच्या असत. डॉक्टर म्हणत, “ही चेंडू आला की डोळे मिटते.” बाई लिहीत, “एकाग्रतेत सुधारणेस वाव.” डॉक्टर म्हणत, “ही दुसऱ्याला चेंडू द्यायची नाही, मेली तरी.” बाई लिहीत, “आत्मविश्वास उत्तम.”

डॉक्टरांची एकच अट होती. स्टिक कुणाची हे आपल्याला कळता कामा नये. म्हणून बाई प्रत्येक स्टिकवरच्या नावावर कागदी पट्टी चिकटवून आणत.

या वर्षी त्यांनी दोनच आणल्या.

पहिली स्टिक डॉक्टरांनी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. “वा! तळ सारखा झिजलाय. दोन्ही कडा कामात आहेत. ग्रिप पिळलेली, पण जागेवर. कुठे आदळआपट नाही. सगळं जागच्या जागी. ही पूर्ण खेळाडू आहे, बाई.”

बाईंनी लिहून घेतलं आणि दुसरी पुढे केली.

ती डॉक्टरांनी हातात घेतली मात्र, त्यांची बोटं थांबली. ग्रिपचा वेढा डावीकडून उजवीकडे, दर वळणाला अर्धा बोटभर चढवलेला, शेवटी दोऱ्याच्या सात फेऱ्या. असा वेढा ते गावात एकाच स्टिकला घालत. पट्टीखाली कुणाचं नाव आहे हे त्यांना पट्टी न काढता कळलं. ती त्यांच्या नातीची होती.

नात म्हणजे मुलीची मुलगी. तेरा वर्षांची. आईबाप दोघंही बँकेत, दर तीन वर्षांनी बदली, म्हणून पोरीची शाळा एका जागी राहावी यासाठी ती पाच वर्षांपासून आजीआजोबांकडे होती. शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही डॉक्टरच करत. अकादमीचं माहितीपत्रक ती वर्षभर दप्तरात घेऊन फिरत होती. घडीवर फाटलं तेव्हा तिने ते आजोबांकडूनच मागून चिकटवून घेतलं होतं. तिला तिथे जायचं होतं, आणि हे घरात कुणाला सांगायची गरज उरली नव्हती.

डॉक्टरांनी काही न ओळखल्यासारखा चेहरा केला आणि अंगठा तळापासून वर फिरवला. मग वरून खाली. मग स्टिक उलटी केली.

काहीच नाही. ओरखडा नाही, खळगा नाही, झीज नाही. तळ आरशासारखा. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच एक स्टिक त्यांच्याशी बोलेना.

“छान ठेवलीय,” ते म्हणाले.

“मी ठेवणीचं विचारत नाहीये. खेळाचं विचारतेय.”

“खेळाचं म्हणजे... आता... ” डॉक्टरांनी घसा खाकरला. “व्हार्निश उत्तम आहे.”

“ते कुणी लावलंय, ठाऊक आहे मला,” बाई म्हणाल्या. “उद्या चार वाजता मैदानावर या. दाराने. पलीकडच्या.”

झालं होतं असं. दर रविवारी सकाळी नात झोपेतून उठायच्या आत डॉक्टर तिची स्टिक काढून अंगणात बसत. आठवड्याचे ओरखडे पॉलिशपेपरने घासत, लांबी भरत, व्हार्निश देत, उन्हात उभी करत. इतरांच्या स्टिक मोडल्यावर दवाखान्यात यायच्या. हिची त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली. दुनियेच्या स्टिक वाचल्या, आणि घरातल्या स्टिकवर जे काही लिहिलं जात होतं ते दर रविवारी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. हे लक्षात आल्यावर डॉक्टर त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवलेही नाहीत. बायकोने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते मैदानावर गेले. ज्या पायऱ्यांखाली चाळीस वर्षं काढली त्या वरून कशा दिसतात, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि सगळ्यात खालच्या पायरीवर अंग चोरून बसले. खेळ सुरू झाला. चेंडू कुठे आहे हे काही केल्या त्यांना सापडेना. त्यांची नजर स्टिकवरच. ही मागच्या महिन्यात जोडलेली. ही ती मधून चिरलेली, हिला सांभाळून वापर म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात त्या चिरलेल्या स्टिकने कुणीतरी सपकन चेंडू हाणला आणि डॉक्टर उठून ओरडले, “अगं हळू! सांध्यावर नको!”

खेळ थांबला. बावीस मुली त्यांच्याकडे बघायला लागल्या.

“डॉक्टर,” मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून बाई म्हणाल्या, “बसा.”

डॉक्टर बसले. मग त्यांना नात दिसली, आणि बघता बघता चेंडूही दिसायला लागला, कारण चेंडू जिथे जाणार तिथे ती आधीच असायची. उगाच धावायची नाही. चार पावलं, की बरोबर जागेवर. मुली चेंडूच्या मागे पळत, आणि चेंडू जणू हिच्याकडे घरी आल्यासारखा येई. डॉक्टरांची छाती फुगली. चेंडू आला. नात वाकली. आणि अगदी शेवटच्या क्षणी तिने स्टिक जमिनीपासून मूठभर वर उचलली. चेंडू खालून निघून गेला.

“छत्री मीट गं, छत्री!” मुली ओरडल्या.

संघात नातीला ‘छत्री’ म्हणतात हे डॉक्टरांना माहीत होतं. पोर उंच आणि काटकुळी आहे म्हणून म्हणत असतील, असं त्यांना वाटे. त्यांना ते नाव आवडलंही होतं. घरी लाडाने तेही कधी कधी तिला छत्री म्हणत. स्टिक ऐन वेळी छत्रीसारखी वर जाते म्हणून ते नाव, हे आता कळलं; पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी ती छत्री नऊ वेळा उघडलेली पाहिली आणि त्यांचे कान तापले.

खेळ संपल्यावर बाई येऊन शेजारी बसल्या. “चेंडू कुठे येणार, हे तुमच्या नातीला चेंडूच्या आधी कळतं. हे शिकवता येत नाही कुणाला. पण वर्षभर मी बोंबलतेय, स्टिक खाली ठेव. ती हो म्हणते आणि उचलते. का उचलते ते मला समजत नव्हतं. परवा तिची स्टिक हातात घेतली, तेव्हा समजलं.”

डॉक्टर पायरीवरची धूळ बोटाने पुसत राहिले.

“अहवाल पाठवायला अकरा दिवस आहेत,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

घरी पोचल्यावर डॉक्टरांनी चपलाही काढल्या नाहीत. “स्टिक का उचलतेस गं?”

नात बूट सोडत होती. “घासली जाते ना.”

“मग घासू दे की!”

“मग रविवारी तुम्ही च् च् करता.”

“मी? मी तुला कधी ओरडलो का?”

“ओरडत नाही,” नात म्हणाली. “ओरडला असतात तर चाललं असतं. तुम्ही नुसतं च् च् करता आणि मग दोन तास वाकून बसता. तुमची पाठ दुखते. आजी तुम्हाला तेल लावून देते. मला सगळं ऐकू येतं.”

आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “खरं आहे पोरीचं.” डॉक्टरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पोरीला मैदानावर चेंडू दिसत होता आणि त्याच वेळी म्हाताऱ्याची पाठही दिसत होती, आणि दर वेळी ती पाठ जिंकत होती. आजोबांच्या मायेने पोरीचा खेळ अडवून ठेवला होता, आणि आजोबा वर तिला छत्री म्हणत होते.

त्यांनी कोपऱ्यातली स्टिक उचलली, दाराबाहेरच्या दगडी पायरीवर आडवी धरली आणि खर्रकन ओढली.

नात किंचाळली. आजी हात पुसत धावत आली. “अहो! डोकं फिरलं का तुमचं?”

डॉक्टरांनी आणखी एकदा ओढली. व्हार्निशचे पापुद्रे उडाले. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या स्टिकवर नखही उमटू दिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. “घे,” ते नातीला म्हणाले. “आता तू.”

“मी नाही.”

“घे म्हणतो ना!”

नातीने स्टिक घेतली, आजोबांच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच, घाबरत, बोटभर घासली. डॉक्टरांच्या तोंडून च् च् निघणार होतं, ते त्यांनी दातांखाली दाबलं. मग तिने जोरात घासली. मग तिला मजा वाटायला लागली. शेवटी आजीने दोघांना दटावून घरात घेतलं आणि पायरीवरचा भुगा कोण झाडणार, असं विचारलं. तो अर्थातच डॉक्टरांनी झाडला.

मधला रविवार डॉक्टरांना खायला उठला. सवयीने पॉलिशपेपर घेऊन ते अंगणात बसले आणि समोर काहीच नव्हतं. त्यांनी खुर्चीचा डगमगता पाय बसवला, छत्रीचा दांडा घट्ट केला, शेवटी घरातल्या झाडूला ग्रिप गुंडाळली. झाडू आता हातातून सटकत नाही, हे बायकोला नाइलाजाने कबूल करावं लागलं. नातीची स्टिक पलीकडे भिंतीला टेकलेली होती. दिवसभरात त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, निदान नात घरात असताना तरी.

अकराव्या दिवशी बाई आल्या. त्याच दोन स्टिक, नावांवर त्याच कागदी पट्ट्या. दोघांनीही काही माहीत नसल्याचा आव आणला.

पहिली बघून डॉक्टर म्हणाले, “तळ सारखा, दोन्ही कडा कामात, सगळं जागच्या जागी. पूर्ण खेळाडू.”

दुसरी त्यांनी बराच वेळ धरली. या वेळी ती बोलत होती. नुसती बोलत नव्हती, भडाभडा बोलत होती. “ह्या दगडावरच्या खुणा सोडा, त्या खेळाच्या नाहीत. पहिले चार दिवस हिने स्टिक खाली ठेवलीय, पण वाकडी. बघा, ओरखडे तिरके. मग त्यांच्यावरून हे दुसरे, सरळ. आणि ही डावी कड, हे परवाचं किंवा कालचं असेल. स्टिक आडवी टाकून चेंडू अडवायला लागलीय.” अंगठा थांबला. त्यांनी स्टिक मांडीवर ठेवली. “पण ही दहा दिवसांची खेळाडू आहे, बाई. त्या पहिलीची झीज वर्षांची आहे. खरं सांगायचं तर तिलाच पाठवा.”

हे म्हणताना दप्तरातलं ते चिकटवलेलं माहितीपत्रक त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. घरी जाऊन पोरीला काय तोंड दाखवायचं, हाही प्रश्न होता. तरी शब्द मागे घ्यावा असं त्यांना वाटलं नाही. स्टिकच्या बाबतीत ते खोटं बोलू शकत नव्हते.

बाईंनी पिशवीतून जुनी वही काढली. “मागच्या वर्षी ह्याच पहिल्या स्टिकबद्दल काय म्हणाला होतात, वाचू? तळ सारखा, दोन्ही कडा कामात, सगळं जागच्या जागी, पूर्ण खेळाडू. त्याच्या मागच्या वर्षी? तळ सारखा, दोन्ही कडा कामात. शब्द न् शब्द तोच.”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलंच आहे. ती चांगली आहे, चांगलीच राहील, पुढच्या वर्षी माझ्या संघाची कप्तान होईल. पण डॉक्टर, ह्या शेवटच्या रकान्यात आज कशी आहे ते विचारलेलं नाही. पुढे काय, ते विचारलंय. तीन वर्षांत जिची स्टिक बदलली नाही ती एक, आणि दहा दिवसांत जिची स्टिक तीनदा बदलली ती एक. हे मी नाही म्हणत. तुम्हीच आत्ता वाचून दाखवलंत.”

डॉक्टर दोन्ही स्टिककडे आळीपाळीने बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी झीज वाचली होती, म्हणजे होऊन गेलेलं वाचलं होतं. पुढचं कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांनी तेच पुन्हा सांगितलं असतं. आपण चुकलो याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच इतका आनंद झाला की त्यांना उभं राहावंसं वाटलं, आणि उभं राहायला गेल्यामुळे डोकं छतावर आपटलं.

आनंद चार दिवस टिकला. घरात नात नाचत होती, आजी तिच्या कपड्यांवर नावं शिवत होती, आईबापांचे दिवसातून तीनदा फोन येत होते. पाचव्या दिवशी बाई संमतीचा कागद घेऊन दुकानात आल्या. पालकाची सही हवी होती.

डॉक्टरांनी कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. “हिला सर्दी फार होते, बाई.”

“तिथे दवाखाना आहे.”

“झोपमोड झाली की दिवसभर चिडते.”

“तिथे सगळ्या पाचला उठतात. सगळ्याच चिडतात.”

“जेवताना गप्पा लागतात तिला. नाहीतर जेवत नाही. आणि मनगट... मनगट जरा कच्चं वाटतं मला. पायसुद्धा. एखादं वर्ष थांबली तर काही बिघडणार नाही. खरं म्हणजे अजून तयार नाहीच ती.”

बाई ऐकत होत्या. “मनगट कच्चं? हे स्टिकवर कुठे दिसलं तुम्हाला?”

डॉक्टर कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले. “स्टिकवर नाही,” ते म्हणाले.

दोन्ही गोलांपर्यंत पोचणाऱ्या आवाजाच्या बाईंनी नुसतं पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. वाकून बसावं लागत होतं, तशाच बसून राहिल्या.

“तिकडे स्टिक कोण दुरुस्त करतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“तिकडे दुरुस्त करत नाहीत, डॉक्टर. मोडली की नवी देतात.”

डॉक्टरांनी मान हलवली, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. ती वाकडी आली, म्हणून खाली पुन्हा एकदा केली. मग कागद बाईंच्या हातात देताना म्हणाले, “तिला सांगू नका हं, मी सर्दीचं वगैरे बोललो ते.”